डोळ्याखालचं काळं आणि कमलताईंचा संशय

डॉक्टरच्या दवाखान्यात दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक औषध कंपन्यांची कॅलेंडरं आणि दुसरे किस्से. कॅलेंडरं जानेवारीत वाटून टाकता येतात. किस्से मात्र डोक्यात तसेच पडून राहतात आणि भलत्या वेळी, म्हणजे समोर पेशंट गंभीर तोंड करून बसलेला असताना, हसू आणतात. आज बसलोच आहोत गप्पा मारत, तर थोडे रिकामे करते. नावं-गावं इकडची तिकडे केली आहेत. तरीही कुणाला आपलाच चेहरा दिसला, तर तो योगायोग समजावा!

मी त्वचारोगाची डॉक्टर. शिरूरला एस.टी. स्टँडपासून पाच मिनिटांवर दवाखाना. लोकांना वाटतं, हिच्याकडे दिवसभर नायटा आणि खरूज. तेही येतं. पण हल्ली रोजचे चार-पाच जण येतात ते डोळ्याखालच्या काळ्या वर्तुळांसाठी.

आता गंमत बघा. तोंडावर मुरुम आला, तर घरचे म्हणतात, उष्णता झाली. पण डोळ्याखाली काळं दिसलं रे दिसलं, की अख्खं घर पोलीस होतं. पितो का? मोबाईल बघते का? बाहेर काही भानगड? आत काही आजार?

आणि या पोलिसांतल्या फौजदार म्हणजे आमच्या कमलताई.

कमलताई शिरूर-दौंड रस्त्यावरच्या एका वाडीतून रोज येतात. सासरे मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरलेले, आता घरचा कांदा-ऊस आहे आणि चार गाई. नऊ वर्षं झाली, माझा दवाखाना त्याच चालवतात. केसपेपरवर नाव, वय, गाव, तक्रार त्या पेनानं लिहितात आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं स्वतःचं निदान! ‘पितो.’ ‘मोबाईल.’ ‘सासू.’ एकदा तर लिहिलं होतं, ‘खोटं बोलतोय, कशाबद्दल ते कळंना.’

त्यांच्या संशयाला घरचं कारणही आहे. मुलगी रोहिणी, बी.एस्सी. झालेली, कुरकुंभच्या एका औषध कंपनीत लॅबमध्ये कामाला. हुशार, तोंडाची फटकळ आणि डोळ्यांखाली ठळक काळी वर्तुळं. त्यापायी दोन स्थळं परत गेली. पहिल्यांनी ‘पत्रिका जुळत नाही’ असा निरोप पाठवला. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती! दुसऱ्यांनी सरळ सांगितलं, ‘पोरगी आजारी वाटती.’

मी रोहिणीला दोनदा तपासलं. रक्त चांगलं, थायरॉइड चांगलं, झोप तर इतकी चांगली की कंपनीची बस दोनदा चुकली. ‘आजार काही नाही,’ मी कमलताईंना सांगितलं.

‘आजार न्हाई, मग जात का न्हाई?’ त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच त्यावरचं औषध कपाटात कुलूप लावून ठेवलंय. तिसरं स्थळ यायच्या आत पोरीचं तोंड स्वच्छ झालं पाहिजे, एवढा एकच ध्यास त्यांना लागला होता.

•

एकदा कारेगावचा एक कामगार आला. आला कसला, बायकोनं दंडाला धरून आणला. तो कंपनीत रात्रपाळीला, खोली घेऊन एकटा राहणारा. बायको गावाकडं, फक्त रविवारी यायची.

‘मॅडम, ह्यांचे डोळे बघा,’ ती म्हणाली. ‘आन् इचारा ह्यांना, दिवसभर कुठं असतात ते.’

‘खोलीवर पडून असतो की!’ तो कळवळून म्हणाला.

‘दिवसभर पडून ऱ्हातो माणूस आन् डोळे असे?’ तिनं पिशवीतून एक शर्ट काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. खांद्यावर पांढरे डाग. ‘ही पावडर बघा. आमच्यात पावडर लावणारं कोण न्हाई.’

पुरावा म्हटल्यावर कमलताई बाहेर थांबतात होय! त्या आत आल्या. केसपेपरवर ‘भानगड’ लिहून झालंच होतं. त्यांनी शर्ट हुंगला. कपाळाला आठी घातली. परत हुंगला. मग पांढऱ्या डागावर बोट फिरवलं आणि सरळ जिभेला लावलं.

‘ज्वारी,’ त्या म्हणाल्या.

तेव्हा गड्यानं कबूल केलं. त्याच्या खोलीच्या खाली पिठाची गिरणी होती. सकाळी आठला सुरू व्हायची ती अंधार पडेपर्यंत. पत्रा, खाट आणि हा, तिन्ही थरथरायचे. गिरणीला सुट्टी रविवारी, त्यामुळे बायकोला पत्ताच नाही, आणि ‘खोली लई शांत हाय’ असं यानं तिला सांगून ठेवलेलं!

मी म्हटलं, क्रीम नको, आधी खोली बदला. दिवसा झोपताना कानात बोळे घाला, खिडकीला जाड पडदा लावा. झोप भरली की अर्धं काळं आपोआप उतरेल. बायकोचा चेहरा निवळला. शर्टाची घडी घालत ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथून वळून नवऱ्याला म्हणाली,

‘गिरणी कोण चालवतं? बाई का बाप्या?’

•

कोरेगाव भीमाकडचे एक आबा. सत्तरीचे, पांढरंशुभ्र धोतर आणि मिशा मात्र कोळशासारख्या काळ्या. गावच्या सोसायटीत वजन. डोळ्यांभोवती काळं, वर खाज, पापण्या जाडसर. सोबत चाळिशीचा मुलगा.

असं काळं बघितलं की मला एकच संशय येतो. मी विचारलं, ‘आबा, केसांना डाय लावता का?’

‘छ्या! आमच्या घराण्यात केस पिकतच न्हाईत.’

‘मेंदी? काळी मेंदी?’

‘अवो, दूध-तुपाचं हाय ह्ये सगळं!’

डायची ॲलर्जी पुष्कळदा डोक्याला होत नाही, डोळ्यांभोवती उमटते. पण कबुलीच नाही, तर औषध कशावर देणार? मी कमलताईंना खूण केली, त्यांनी मुलाला बाहेर नेलं. आबांनी दार नीट लागलंय का ते बघितलं, खुर्ची पुढं ओढली आणि हळूच म्हणाले,

‘फकस्त मिशीला. ब्रशनं. पर पोराला कळता कामा न्हाई, इलेक्षन तोंडावर हाय.’

मी कबूल केलं. डाय बंद, आठ दिवसांचं मलम, महिन्यानं परत या. आबा खुशीत बाहेर गेले. लगेच मुलगा आत आला. ‘एक मिनिट, मॅडम.’ त्यानंही दार लावून घेतलं. मी आता त्याच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. पापण्या जाडसर, भोवती काळं.

‘मॅडम, आबांना सांगू नका,’ तो म्हणाला, ‘पण त्यांची डायची वाटी न्हाणीत फळीवर असती. त्यातलाच उरलेला मी लावतो.’

•

हजेरीच्या मशीनचा किस्सा तर मी अजून सांगत असते. हल्ली कंपन्यांत अंगठा गेला आणि चेहरा आला. मशीनसमोर उभं राहायचं, मशीन ओळखतं, फाटक उघडतं.

बिहारकडचा एक ऑपरेटर होता. डोळ्याखालचं काळं जावं म्हणून त्यानं मोबाईलवर एक रील बघितलं आणि लिंबू, टूथपेस्ट आणि लसूण असा लेप डोळ्यांखाली लावून तासभर बसला. उठला तो दोन्ही डोळ्यांखाली भाजून, गाल सुजून, डोळ्यांच्या फटी होऊन. मशीननं ओळखायला साफ नकार दिला. तीन दिवस! ऑफिसला संशय आला, की हा आपल्या जागी भलताच माणूस पाठवतोय. त्यांनी चिठ्ठी दिली, ‘चेहरा याचाच असल्याबद्दल डॉक्टरचा दाखला आणावा.’

इतकी वर्षं मी दाखले देतेय. फिटनेसचे, सुट्टीचे, लसीचे. असला दाखला पहिलाच! कमलताईंनी त्याचं कार्ड मागून घेतलं. फोटो बघितला, चेहरा बघितला, परत फोटो बघितला.

‘मॅडम, सही करू नका,’ त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. ‘ह्यो त्यो न्हाईच.’

मी त्याला समजावलं. डोळ्याखालची कातडी साऱ्या अंगात पातळ. तिथं स्वयंपाकघर न्यायचं नाही. थंड पाण्याची घडी ठेव, हे मलम लाव, उन्हात जाताना टोपी घाल. मग लेटरहेडवर लिहून दिलं, की सूज तात्पुरती असून चेहरा सदर इसमाचाच आहे. त्यानं तो कागद कपाळाला लावला, पण जागचा हलेना.

‘क्या हुआ?’

‘मैडम,’ तो लाजत म्हणाला, ‘एक कागज घरवाली के नाम भी लिख दीजिए. वीडियो कॉल पे वो भी नहीं मान रही.’

•

सासू-सुनेची एक जोडी आली होती. सून बावीस-तेवीसची, पिवळसर चेहरा, डोळ्यांखाली काळं, बोलताना धाप. सासू दणकट.

‘सारखी मोबाईलात असती,’ सासू म्हणाली. ‘दुसरं काय न्हाई. मोबाईल बंद करा म्हणून लिवून द्या.’

मी सुनेच्या पापणीची आतली बाजू बघितली. पांढरी फटक. रक्त तपासायला सांगितलं. सासूनं लगेच डोळे बारीक केले. ‘लॅबवाला तुमचाच का?’ पण घेतलं तपासून. हिमोग्लोबिन आठ. सासूचा विश्वास बसेना. ‘मशीनच खराब असंल त्याचं. माझं बघा म्हणावं, मी धडधाकट हाय. मग कळंल मशीन खरं का खोटं.’

बघितलं. सासूचं निघालं सात!

मला वाटलं, आता रिपोर्ट फाडून अंगावर टाकते. पण त्या बाई रिपोर्टकडे बघत हळूहळू ताठ बसल्या. सुनेकडे वळल्या आणि विजयी आवाजात म्हणाल्या,

‘बघितलंस? घरात जास्त कोण झिजतंय, मशीननं सांगितलं!’

दोघींना लोहाच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, की गोळीवर लगेच चहा घ्यायचा नाही, नाहीतर लोह अंगी लागत नाही. दोन महिन्यांनी दोघींचं रक्त दहावर आलं, दोघींचे चेहरे उजळले. त्यानंतर सासू एकदा एकटीच आली होती. तक्रार काही नव्हती. सुनेचं आपल्यापेक्षा खाली तर गेलं नाही ना, एवढंच तिला बघायचं होतं.

•

माझ्यावरही संशय घेतात लोक. का नाही घेणार? माझ्या स्वतःच्या डोळ्यांखाली छान काळं आहे. अभ्यास, मग दवाखाना, मग मुलं, वर चष्मा. मी ते मनावर घेत नाही, पण पेशंट घेतात.

एक मामा आले होते, पारनेरच्या बाजूचे. मी त्यांना पाच मिनिटं समजावलं, झोप किती, पाणी किती, ऊन किती, डोळे चोळायचे नाहीत. मामा ऐकत होते, पण बघत होते माझ्या चष्म्याच्या खाली. शेवटी फाईल उचलून उभे राहिले.

‘मॅडम, राग मानू नका. तुम्ही सवताला कुठं दाखवता?’

‘कुठंच नाही.’

‘शानपणा केलात,’ ते म्हणाले आणि निघून गेले.

•

आता जरा रागाचा किस्सा. वर्षभरापूर्वी एकामागून एक कॉलेजच्या मुली यायला लागल्या. सगळ्यांच्या तोंडाची एकच गत. कातडी पातळ, लाल शिरा दिसताहेत, गालावर लव वाढलेली, आणि जे डोळ्याखालचं काळं घालवायचं होतं ते दुप्पट. मला वास आला. स्टेरॉइड घातलेलं काहीतरी कुणीतरी वाटतंय. मुली आधी सांगेनात, मग एकीनं रडत सांगितलं. एका पार्लरमध्ये बिनलेबलची पांढरी डबी मिळत होती. चार दिवसांत उजळपणा, चार महिन्यांत सत्यानाश.

मला तो माल बघायचा होता, वरती तक्रार करायची होती. पण मी गेले असते, तर पार्लरवालीनं ओळखलं असतं. कमलताई म्हणाल्या, ‘मी जाते. गिऱ्हाईक म्हणून.’

दुपारी एकला गेल्या, साडेतीनला आल्या. भुवया कोरलेल्या, केस मोकळे, गाल चकाकताहेत! ‘संशय येऊ नये म्हणून सगळं करून घ्यावं लागलं,’ त्या म्हणाल्या आणि एक डबी माझ्यापुढं ठेवली. ‘ह्यो पुरावा.’

मी डबी उघडली, वास घेतला, नमुना म्हणून सील केली. पण नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीत मी, थोडा संशय मलाही घेता येतो. त्यांच्या पर्सचा बंद नीट लागत नव्हता.

‘कमलताई, किती डब्या घेतल्या?’

‘एकच.’

‘कमलताई.’

त्यांनी पर्समधून दुसरी डबी काढली. टेबलावर ठेवली नाही. मुठीत धरून उभ्या राहिल्या. ‘रोहिणीसाठी,’ त्या म्हणाल्या. ‘नुसतं पाहुणे यायच्या आधी चार दिवस लावू. मग बंद.’

मी भडकले. त्या मुलींची तोंडं तुम्ही रोज बघता, केसपेपर तुमच्या हातानं लिहिता आणि स्वतःच्या पोरीला हे लावणार? मी डबी हिसकावून घेतली. त्यांनी घेऊ दिली, पण माझ्या नजरेला नजर देऊन म्हणाल्या,

‘मग तुमची खरी क्रीम कुठाय? पुण्याच्या बायकांना देता ती?’

नऊ वर्षांनंतर! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पार्लरची तक्रार मी केली, डब्या बंद झाल्या, मुली हळूहळू सुधारल्या. पण कमलताईंच्या मनातली ती खरी क्रीम काही गेली नाही.

•

आणि तिसरं स्थळ आलं. दौंडकडचं. मुलगा कंपनीत, पाळीची नोकरी, घरी थोडी बागायत. मध्यस्थ म्हणजे रोहिणीचे चुलत मामा. आमच्याकडे स्थळाची चौकशी ही रीतच आहे. किराणावाल्याकडे विचारतात, शाळेत विचारतात, मेडिकलवाल्याकडे तर हमखास. तशी चौकशी झाली आणि निरोप आला, ‘पोरीच्या डोळ्याचं कानावर आलंय. डॉक्टरचा दाखला असंल तर बरं.’

कमलताईंनी मला सांगितलं नाही, मागितलं नाही. कोरा लेटरहेड टेबलावर आणून ठेवला आणि पेन वर ठेवला.

मी मनापासून लिहिलं. सर्व तपासण्या व्यवस्थित, कोणताही आजार नाही, डोळ्याखालचा काळसरपणा आनुवंशिक असून निरुपद्रवी आहे. सही, शिक्का. त्यांनी कागद दोनदा वाचला.

‘आनुवंशिक म्हंजी माझ्याकडून.’

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. रोज बघतेच की. तेच खोलगट डोळे, तीच पातळ कातडी, तीच वर्तुळं. त्यांच्या चेहऱ्याला कुणी कधी नावं ठेवली नव्हती, म्हणून मीही कधी बोलले नव्हते.

‘हो,’ मी म्हटलं. ‘रंगरूप उतरतं तसंच हे. थोडं फिकं करता येतं, पुसून टाकता येत नाही.’

‘म्हंजी दोन स्थळं माझ्यामुळं मोडली, असं तुम्ही लिवून देताय.’

‘तसं नाही हो.’

‘तसंच हाय. दुसरं कायतरी लिवा. ॲलर्जी लिवा.’ मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘न्हाईतर माझ्या आईचं नाव टाका. ती गेलीय, तिला आता कोण इचारतंय?’

मला हसू आलं नाही. फार वाईट वाटलं. मी खोटं लिहिणार नव्हते आणि खरं लिहिलेलं त्यांना सोसत नव्हतं. त्यांनी कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली. पुढचे दोन दिवस एकाही केसपेपरवर पेन्सिलीचा शब्द उमटला नाही. कुणी प्यायलेला आला तरी नाही!

•

रविवारी सकाळी बघण्याचा कार्यक्रम. मला आग्रहानं बोलावलेलं. ‘दाखल्यावर सही तुमची, तवा तुम्ही समोर पायजे,’ असं कमलताईंचं म्हणणं.

मी वाडीवर पोचले तर आत वाद. पार्लरवाली नाही, पण शेजारची कुणी मेकअपची पेटी घेऊन बसलेली आणि रोहिणी खळखळून तोंड धुऊन आलेली.

‘जरासं लाव गं,’ कमलताई विनवत होत्या. ‘नुसतं डोळ्याखाली.’

‘लॅबमधी मी सॅम्पलवर पावडर टाकत न्हाई, आई,’ रोहिणी म्हणाली. ‘जे हाय ते रिपोर्टात.’

मग मी कमलताईंकडे बघितलं. त्यांनीच लावली होती! डोळ्यांखाली थर देऊन पावडर. आई बघून कुणी म्हणायला नको, की ह्यांच्यात चालतच आलंय. नऊ वर्षांत त्यांच्या तोंडाला मी कधी पावडर बघितली नव्हती.

पाहुणे आले. मुलगा, आईवडील, आत्या आणि मध्यस्थ मामा. मुलगा नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट, मान खाली. त्याची आई आल्यापासून एक शब्द बोललेली नाही. बोलणारी होती ती आत्या. पोहे आले, पाणी आलं, रोहिणी येऊन बसली. नाव, शिक्षण, कामाची वेळ, सगळं विचारून झालं. आत्यानं पोह्यांची ताटली खाली ठेवली.

‘पोरी, वर बघ जरा. डोळ्याखाली ह्ये कशानं गं?’

मामांनी माझ्याकडे बघितलं. मी कमलताईंकडे. दाखला त्यांच्या पदराखाली, हातात होता, कागदाचं टोक मला दिसत होतं. त्यांनी तो काढलाच नाही. उठून उभ्या राहिल्या, पदर तोंडाला लावला आणि खसाखसा पुसलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत. पदर पांढरा झाला आणि खालून आमच्या कमलताई निघाल्या, जशा रोज असतात तशा.

‘माझ्याकडून आलंय,’ त्या म्हणाल्या. ‘बघा नीट. माझ्या आईला हुतं, मला हाय. पन्नाशीला आले, एक दिस आजारी पडून ऱ्हायले न्हाई. आजार असंल तर ह्यो असा असतो. पटत असंल तर बसा, न्हाईतर पोहे खाऊन जावा.’

आत्यानं खाली ठेवलेली ताटली परत उचलली. रोहिणी आईकडे बघत राहिली. माझे डोळे भरून आले, मी ते लपवलेही नाहीत.

तेव्हा मुलाच्या आई हलल्या. त्यांनी पदराचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं, पिळलं. शेजारी बसलेल्या मुलाची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं.

‘आई! ए आई, काय करतीस!’

त्यांनी त्याच्या एका डोळ्याखालून पदर फिरवला, मग दुसऱ्या. पदराचं टोक गव्हाळ झालं. आणि मुलाच्या डोळ्याखाली, सगळ्यांदेखत, दोन ठसठशीत काळी वर्तुळं.

‘ह्येचंबी माझ्याकडूनच हाय,’ त्या माउली म्हणाल्या. ‘पितो म्हणून तिघींनी नाकारला. चहाबी पीत न्हाई वो माझा पोरगा.’ मग आत्याकडं न बघता मामांना म्हणाल्या, ‘आता दोघांना समोरासमोर बसवा. बोलू द्या त्यांचं त्यांना.’

रोहिणी फसकन हसली. मुलगाही हसला, आणि तिच्यासाठी पाण्याचा ग्लास भरताना त्यानं अर्धा जमिनीवर सांडला.

त्या दोघांना सोडून बाकीचे उठून अंगणात निघाले. कमलताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांची नजर त्या गव्हाळ झालेल्या पदरावर होती. मग ती मुलाच्या डोळ्याखाली गेली. तिथून सावकाश माझ्यावर आली. नऊ वर्षं ओळखते मी ती नजर! त्या वाकल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या,

‘मॅडम, मागल्या म्हयन्यात कांदा काढायला मी चार दिस रजेवर हुते. ह्यो तवा आपल्याकडं येऊन गेला का?’

मी पोह्यांतले शेंगदाणे एक एक करून खायला लागले.